सातव्याला पाय सैल

न चालणारी वस्तू घरात ठेवायची नाही, हा बाबांचा कायदा होता. बाबांच्या मागे तो त्यांच्याच सायकलला लागू होईल असं मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

कायदा साधा होता. स्वयंपाकघराच्या मागे, धुण्याच्या जागेजवळ एक पत्र्याचं कपाट होतं. त्याला घरात दवाखाना म्हणत. अमुक वस्तू बिघडली असं कोणी तोंडाने बोललं, की बाबा तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून तिला दवाखान्यात भरती करत. तीस दिवसांत बरी झाली तर घरात, नाही तर भंगारात. दयामाया नाही. या कायद्याखाली आजवर दोन इस्त्र्या, एक भिंतीवरचं घड्याळ, आईच्या माहेरचा टेबलफॅन आणि मामाने भेट दिलेला वजनकाटा एवढी मंडळी गेली होती. वजनकाटा बिघडलेला नव्हता, तो खरं वजन दाखवत होता म्हणून त्याला घालवला, असं मामाचं अजूनही म्हणणं होतं.

मात्र 'चालते' या शब्दाचा अर्थ बाबांनी चांगला ऐसपैस ठेवला होता. न्हाणीघराचं दार आधी वर उचलायचं आणि मग ढकलायचं. बैठकीतला पंखा तीनवर सुरू करून मग एकवर आणायचा. थेट एकवर लावला तर तो रुसून बसे. ओट्याखालचा दुसरा खण उघडायचा असेल तर पहिला आत दाबून धरायचा. फ्रिजचं दार गुडघ्याने लावायचं. हे सगळं बाबांच्या हिशेबी चालत होतं. "खुबी कळली की वस्तू चालते. कळत नसेल तर बिघाड माणसात," असं ते म्हणत, आणि ज्याची बोटं खणात चेमटली असतील त्याच्याकडे बघत.

त्यांची लेक नोकरीपायी नऊ वर्षं परक्या शहरात राहिली होती. बाबा गेल्यावर तिने इथल्या इस्पितळात बदली मागून घेतली आणि चार महिने ती रोज कुठे ना कुठे कपाळ आपटून घेत जुन्या खुब्या नव्याने शिकत होती. दाराची आईने सांगितली, पंख्याची तिला आठवली, खणाची बोटांना आठवली. राहिली होती सायकल. तिची खुबी फक्त बाबांना ठाऊक होती, आणि मुळात तिला काही खुबी आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

आता ही सायकल म्हणजे सरळसोट सायकल नव्हे. तिच्यावर बसायचं नसतं, रेलायचं असतं. पाठीला जाळीची खुर्ची, डोक्याला टेकायला उशी, पाय समोर लांब केलेले आणि पॅडल थेट नाकासमोर, पुढच्या चाकाच्याही पुढे. हँडल मांड्यांच्या दोन्ही बाजूंना, खालून आलेलं. बाबा पाणीपुरवठ्याच्या खात्यात मीटरदुरुस्तीला होते. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, पाठ वाकवायची नाही. तेव्हा त्यांनी पाठ न वाकवता चालवायची सायकल दोन वर्षं खपून स्वतः बनवली. गल्लीने तिचं नाव 'पलंग' ठेवलं. बाबा संध्याकाळी पलंगावर पडून निघत, नदीच्या बांधापर्यंत जात आणि पलंगावर पडूनच परत येत.

ते गेल्यावर भेटायला आलेल्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाने एक गोष्ट न चुकता सांगितली. "माणूस फार विनम्र हो. जाता-येता, लहानथोर न बघता मान लववायचे."

आई आणि लेक एकमेकींकडे बघत. बाबा प्रेमळ होते, प्रामाणिक होते, हाताचे कारागीर होते. पण विनम्र हा शब्द त्यांना लावायला घरच्यांची जीभ रेटत नव्हती. दारात उभ्या असलेल्या साडूला ओळख न दाखवता आत गेलेला माणूस तो. पण मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात, आणि समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर तर डोळे पुसत सांगत होते, तेव्हा खोडून कोण काढणार.

*

लेकीने सायकल बाहेर काढली ती एका सुट्टीच्या सकाळी. लहानपणी तिला दोन चाकांवर तोल धरायला बाबांनीच शिकवलं होतं. झोपून तोल धरायला शिकवायचं राहून गेलं. पहिले दोन दिवस ती शाळेच्या रिकाम्या पटांगणात पडली. या सायकलवरून पडणं म्हणजे खाटेवरून गळून पडण्यासारखं. लागत नाही, पण मान राहत नाही. तिसऱ्या दिवशी जमलं. चौथ्या दिवशी तिने ती बांधाच्या रस्त्याला घातली आणि चढाला हलका गिअर टाकला.

चार-सहा पावलं गोडीगुलाबीने गेली. मग मागे 'खट्' असा बारीक आवाज झाला, गिअर आपला आपण जड झाला, पाय जागच्या जागी अडले आणि लेक उजव्या अंगाला गवतात सावकाश कलंडली. पुन्हा चढली, पुन्हा हलका गिअर टाकला. पुन्हा खट्. सपाटीवरही तेच. हँडलवरचा गिअरचा खटका कोणी हलवत नव्हतं, गिअर मात्र स्वतःच्या मनाने बदलत होता.

घरी येऊन ती दारातच म्हणाली, "आई, सायकलचा गिअर बिघडलाय."

आई कपड्यांच्या घड्या करत होती. हातातला टॉवेल तिने ठेवला, उठली, टेबलाच्या खणातून कागद आणि डिंक काढला. कागदावर तारीख लिहिली आणि बाहेर जाऊन सायकलच्या खुर्चीच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली.

"हे काय?" लेकीने विचारलं.

"भरती. आजपासून तीस दिवस."

"आई, बाबांची सायकल आहे ती."

"बाबांचाच नियम आहे. आणि बिघडली असं तू म्हणालीस, मी नाही."

"तुझ्या आईच्या माहेरचा पंखा गेला तेव्हा कोणी अपील केलं होतं का?" आतून मामाचा आवाज आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राही, पण सकाळचा चहा, दुपारची डुलकी आणि दिवसभराचं मत यांसाठी बहिणीकडे येई. "ताई, मी म्हणतो तीस दिवस तरी कशाला? माझ्या मित्राचं हॉटेल आहे. त्याला भिंतीवर टांगायला अशीच काहीतरी अजब वस्तू हवीय. उद्या टेम्पो पाठवेल."

"भिंतीवर?" लेक म्हणाली.

"वर दिवे सोडणार आहे. खाली लोक कॉफी पितील."

लेकीच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं. बाबांची सायकल भिंतीवर, तिच्या पॅडलला दिवा, आणि खाली कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवून हसतंय. तिने आईकडे पाहिलं. आई टॉवेलाच्या घडीवरून हात फिरवत होती. एकदाच पुरे होतं, तिने चारदा फिरवला. बाबा गेल्यापासून आईने त्यांचे चष्मे ठेवले होते, चपला ठेवल्या होत्या, दाढीचा मगसुद्धा ठेवला होता. सायकलवर तेवढी तिची अवकृपा का, हे काही लेकीला उमगेना.

"तीस दिवसांत दुरुस्त झाली तर राहील ना?"

"नियम आहे," आई म्हणाली. "राहील."

*

गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्याचं दुकान होतं. साठीचा माणूस, मिशीला ग्रीस लागलेलं, चष्मा दोऱ्याने बांधलेला. दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास धरून यायचं, एवढी जागा. सायकल आत मावेना, तेव्हा त्याने ती दुकानापुढच्या लोखंडी आडव्या दांडीला दोन दोरांनी टांगली आणि तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"साहेबांनी कधी हात लावू दिला नाही मला हिला," तो म्हणाला. "एकदा हवा भरायला आले, तर पंपसुद्धा घरचा."

मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक मागच्या चाकाच्या आसाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दुसऱ्या हाताने पॅडल फिरवत राहिला. डॉक्टर छाती तपासतात तसं.

"बेअरिंग," तो म्हणाला.

"गिअर उडतोय," लेक म्हणाली.

"अं?"

"गिअर उडतोय. बेअरिंग नाही."

"तेच म्हणतोय मी. बेअरिंग."

लेकीचा इस्पितळातला धंदाच कान तपासण्याचा होता. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर यंत्र चढवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. ऐकू येत नसताना अंदाजाने बटण दाबणारे तिने शेकड्याने पाहिले होते. सायकलवाल्याच्या चेहऱ्यावरची ती एकाग्रता तिच्या ओळखीची होती. जाड आवाज त्याला ठीक ऐकू येत होते. बारीक 'खट्' त्याच्या कानी पडण्याची सुतराम शक्यता नव्हती. पण चाळीस वर्षं कानाने सायकली ओळखणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं, म्हणून तिने बेअरिंग बदलायला होकार दिला.

पहिल्या आठवड्यात बेअरिंग बदलून झालं. दुसऱ्या आठवड्यात केबल. साध्या सायकलच्या दुप्पट लांबीची केबल, ती मागवण्यात पाच दिवस गेले. मग मागच्या चाकापाशी लोंबणारा तो सांगाडा, जो चेनला एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलतो आणि ज्याला डिरेलर म्हणतात, त्याचे दोन स्क्रू पाव-पाव फेरा आत-बाहेर करून झाले. डिरेलर ज्या कानाला अडकवलेला असतो तो कान वाकडा आहे म्हणून सरळ केला, मग जास्त सरळ झाला म्हणून थोडा वाकवला.

आणि दर वेळी टांगलेल्या सायकलचे गिअर लोण्यासारखे बदलत. एक ते आठ, आठ ते एक.

"बघा," सायकलवाला म्हणायचा. "घड्याळ आहे घड्याळ."

लेक सायकल उतरवून रेलायची, कोपऱ्यापर्यंत जायची. खट्.

"ताई, टांगली की शहाणी आणि बसलं की खुळी," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या बसण्यात काहीतरी आहे."

"माझ्या बसण्यात काय असणार? मी तर झोपते."

"तेच. माणसाने सायकलवर झोपू नये. सायकलला कळेनासं होतं काय करायचं ते."

मामा रोज येऊन प्रगतीचा आढावा घेत असे. आयुष्यात त्याने स्वतः सायकल चालवली नव्हती, पण उंटावरून शेळ्या हाकायला उंट लागतोच असं नाही. "तेल टाका," तो म्हणे. दुसऱ्या दिवशी, "तेल जास्त झालं." तिसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याने भिंतीचा रंग ठरवल्याचं त्याने कळवलं. फिकट पिवळा.

"सायकल हिरवी आहे," लेक म्हणाली.

"म्हणूनच. उठून दिसेल."

*

एकोणतिसाव्या दिवशी सायकलवाल्याने हात टेकले. पण हात टेकण्यापूर्वी त्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. "तुम्ही चालवा," तो म्हणाला. "मी बाजूने पळतो. नजर डिरेलरवर."

त्या संध्याकाळी गल्लीने जे पाहिलं ते गल्ली बरेच दिवस विसरली नाही. पुढे लेक, जमिनीपासून हातभर उंचीवर आडवी. तिच्या बाजूने साठीचा सायकलवाला, कमरेत वाकून, नाक मागच्या चाकापासून वितीवर, धोतरात पाय अडकलेल्या माणसासारखा तिरका पळतोय. पँट होती, पण चाल धोतराची. त्याच्यामागे मामा, हातात वही.

"उडाला!" लेक ओरडायची.

"दिसला नाही!" सायकलवाला ओरडायचा.

"लिहिलं!" मामा म्हणायचा, आणि कुठल्या घरासमोर उडाला त्या घराचं नाव वहीत टिपायचा. गिअर उडण्यामागे रस्त्याचा काही दोष असेल अशी त्याची शंका होती.

दोन फेऱ्यांनंतर सायकलवाला शिंप्याच्या पायरीवर बसला आणि हातानेच खूण करून म्हणाला, की आता पळणं होणार नाही. लेक तिसरी फेरी एकटीच मारायला निघाली. समोरच्या फाटकात हेडमास्तर उभे होते, दुमडलेलं वर्तमानपत्र काखेत. ती त्यांच्यासमोर आली आणि खट् झालं; झटक्याने तिचं डोकं उशीवर मागे गेलं आणि पुढे आलं.

हेडमास्तरांनी मान लववली.

"वा," ते म्हणाले. "वडिलांचं वळण आहे हो. अगदी असेच लववायचे."

लेक पुढे गेली आणि मग तिने दोन्ही ब्रेक दाबले. एक पाय जमिनीवर टेकून ती तशीच रेलून राहिली. डोक्यावरून शिंप्याच्या दुकानाची पाटी दिसत होती, आणि तिच्या वर आभाळ.

असेच लववायचे.

"मास्तर," ती मान वळवून म्हणाली, "बाबा नेमके कधी मान लववायचे? तुम्ही दिसल्यावर?"

हेडमास्तर विचारात पडले. "मी दिसल्यावर म्हणजे... खरं सांगायचं तर कधी विजेच्या खांबालाही लववायचे. मी म्हटलं, नजर अधू झाली असेल."

"आणि तेव्हा आवाज यायचा? खट् असा?"

"छे. अगदी बिनआवाजी जायचे. मान लववायचे आणि पुटपुटायचे काहीतरी. मला वाटायचं, नमस्कार म्हणतायत."

लेक सायकल वळवून मामाकडे आली आणि वही मागितली. वहीत घरांची यादी होती. शिंपी, निळं फाटक, चक्कीवाला, मास्तर. ओळीने सारख्याच अंतराने. रस्त्याचा दोष असता तर दुसऱ्या फेरीत तीच घरं आली असती. आली होती दुसरीच, पण अंतर तेच. तिने वही परत दिली, निघाली, पहिला खट् बसू दिला आणि मग पायांच्या फेऱ्या मोजायला लागली. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात, खट्. पुन्हा एकपासून. सात, खट्.

इतक्या दिवसांत ती एवढं मन लावून ऐकत होती, पण मोजलं नव्हतं.

"पुढच्या चकतीला दाते किती?" तिने येऊन विचारलं.

"अं?"

"दाते. पुढच्या चकतीचे."

सायकलवाल्याने बोट ठेवून मोजले. "चाळीस."

"आणि चेनला कड्या?"

हे मोजायला अर्धा तास लागला. साध्या सायकलच्या अडीच चेन जोडून केलेली ती चेन गोगलगाईच्या चालीने हातातून पुढे सरकत होती, आणि प्रत्येक शंभरी गाठली की मामा विचारत होता, "किती झाल्या?" दोनदा पुन्हा सुरुवातीपासून मोजावं लागलं. तिसऱ्यांदा लेकीने मामाला चहा आणायला पाठवलं.

"दोनशे ऐंशी," सायकलवाला म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. मिशीतलं ग्रीस हललं. चाळीस गुणिले सात त्यालाही येत होतं. सात वेळा पाय फिरले की चेनची एक फेरी पुरी होत होती. म्हणजे केबल नाही, स्क्रू नाही, बेअरिंग तर नाहीच. चेनमधली एक कडी. एकच. ती मागच्या दात्यांवर आली आणि त्याच वेळी पायाचा जोर असला, की चेन शेजारच्या चकतीवर उडी मारत होती. टांगलेल्या सायकलला जोर कुठला? म्हणून ती शहाणी.

"हळू फिरवा," लेक म्हणाली. "मी ऐकते."

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक डिरेलरला लावलं, मूठ कानाला. सायकलवाला पॅडल फिरवत राहिला. जोर नसतानाही एक कडी जाताना बारीक चिरकल्यासारखा आवाज येत होता, मुंगीने चावा घ्यावा एवढा. "थांबा. ही."

बाबांनी जिथे एक चेन दुसरीला जोडली होती तो सांधा. पिन ठोकताना बाजूची पट्टी केसभर पिळली गेली होती. बोट फिरवलं तर कळे, डोळ्यांना दिसत नव्हती.

सायकलवाला ती कडी चिमटीत धरून बसला. "साहेबांच्या हातून असं राहणार नाही," तो म्हणाला. "त्यांना ठाऊक असणार."

"ठाऊक होतं," लेक म्हणाली. "सातव्याला पाय सैल सोडायचे. म्हणून आवाज यायचा नाही. फक्त मान हलायची."

"पण दुरुस्त का नाही केली? दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे आले असते तर..." इथे त्याचा आवाज जरा दुखावला.

"तुमच्याकडे यायचं काय, घरच्या घरी कडी काढायची तरी बिघडली म्हणायला लागलं असतं. आणि बिघडली म्हटलं की चिठ्ठी."

मामा चहा घेऊन उभा होता. "म्हणजे," तो म्हणाला, "माझा वजनकाटा तीस दिवसांत भंगारात, आणि यांची सायकल मात्र मोजून मोजून..." पुढचं त्याने चहाबरोबर गिळलं. मेव्हण्याला लबाडीत पकडायची अख्ख्या आयुष्याची इच्छा आज पुरी झाली, आणि ऐकवायला मेव्हणा नव्हता.

*

"बदलू कडी?" सायकलवाल्याने विचारलं.

"आधी घरी दाखवून येते," लेक म्हणाली. "तीस दिवस उद्या भरतायत."

ती निघाली. पहिला खट् बसू दिला, मग मोजायला लागली. सुरुवातीला मनात मोजलं, पण दिवा बघ, खड्डा बघ, यात गणती चुकली, म्हणून मोठ्याने. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातव्याला पाय सैल. डोकं उशीवर डुललं. आवाज नाही. चक्कीवाल्याने हात वर केला. एक, दोन, तीन. सायकल सशासारखी पळत होती. गल्लीच्या चढाला तिने हलका गिअर टाकला आणि तो टाकला तिथेच राहिला.

"पाच, सहा, सात," म्हणत ती फाटकातून आत आली.

आई पायरीवर उभी होती. तिने कठडा धरला आणि खाली बसली.

"तुला काय होतंय?" ती म्हणाली. "तू का मोजतेस? छातीत दुखतंय का?"

"नाही ग. मला काय होणार?"

"मग मोजतेस का?"

लेक सायकलवरून उठली आणि तिच्याशेजारी बसली. आई तिच्या छातीकडेच बघत होती.

"हे असेच यायचे मोजत," आई म्हणाली. "रोज संध्याकाळी. मला खिडकीतून ऐकू यायचं. सात म्हणायचे आणि दम खायचे. मला वाटायचं, कळ येते म्हणून मोजतात. एकदा विचारलं तर म्हणाले, काही नाही, व्यायाम. तोंड फिरवून म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. डॉक्टरांकडे चला असं म्हणायला हवं होतं मी. म्हटलंच नाही मी. आणि मग ते त्या पहाटे..."

बाबा झोपेतच गेले होते, हृदय बंद पडून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कळायचं काही कारणच नव्हतं. आईने तेव्हा मान हलवली होती, आणि चार महिने ती रोज खिडकीतून त्या सायकलकडे बघत होती.

लेकीने आईचा हात धरून तिला सायकलपाशी नेलं, चेन सरकवत सरकवत तो सांधा शोधला आणि आईचं बोट त्यावर ठेवलं. "लागतंय?"

आईने बोट पुढे-मागे फिरवलं. "खरखर आहे."

"ही कडी वाकडी आहे. सात पायांनी एकदा येते. तेव्हा पाय सैल सोडला नाही तर गिअर उडतो. म्हणून मोजायचे."

"म्हणून?"

"म्हणून. आणि तुला सांगायची सोय नव्हती. तू चिठ्ठी लावली असतीस."

आई बराच वेळ बोट फिरवत राहिली. बोटाला काळं लागलं ते तिने पदराला पुसलं, जे ती कधी करत नसे.

"लावलीच असती," ती म्हणाली. मग तिच्या तोंडून एक आवाज आला. लेकीला आधी वाटलं हुंदका आहे, पण तो हसण्याचा निघाला. पुढे दोन्हींत फरक करायला जागा राहिली नाही. "माझ्या इस्त्रीला तीस दिवस. माझ्या पंख्याला तीस दिवस. आणि स्वतः दोन वर्षं मान हलवत हिंडले." डोळे पुसताना तिने कपाळालाही काळं लावून घेतलं. "आणि ते हेडमास्तर म्हणे विनम्र."

मामा आणि सायकलवाला फाटकात येऊन थांबले होते. आत यावं की नाही हे न कळून मामाने अर्धा चहा सायकलवाल्याला दिला.

"वहिनी," सायकलवाला म्हणाला, "चालतेय तशी ठेवायची, का कडी बदलायची?"

लेकीला वाटलं, ठेवू दे म्हणेल. तिच्या स्वतःच्या तोंडावरही तेच आलं होतं.

"बदला," आई म्हणाली. "मला ते मोजणं पुन्हा नको ऐकायला. आणि जुनी कडी मला द्या."

दोन मिनिटांचं काम त्याने चार मिनिटांत केलं. मधली दोन मिनिटं तो सगळ्यांना दाखवत होता. आईने खुर्चीच्या पाठीवरची चिठ्ठी सोलून काढली. ती फाटली नाही, डिंक जुना होता. कडी तिने तळहातावर घेतली, आत गेली, दवाखान्याचं कपाट उघडलं आणि वरच्या फळीवर कडी ठेवून तीच चिठ्ठी तिच्याखाली सरकवली.

"मुदत उद्या संपते," मामा दारातून म्हणाला.

"नवीन लिहू," आई म्हणाली. "तू तुझ्या मित्राला फोन कर. म्हणावं, आरसा लावा भिंतीवर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक बांधाकडे निघाली. गिअर टाकला तिथे राहत होता. मोजायचं काही कारण नव्हतं. फाटकात हेडमास्तरांनी सवयीने मान लववली. ती सरळ निघून गेली आणि तिला हँडलच्या आरशात दिसलं की त्यांनी मान हळूच वर घेतली आणि वर्तमानपत्र या काखेतून त्या काखेत घातलं. चक्कीवाल्याचा हात अर्ध्यावर थांबला. परतताना शिंपी कोणाला तरी सांगत होता ते तिला स्पष्ट ऐकू आलं, तिचा धंदाच तो: बापाची सर नाही हो पोरीला, शिष्ट आहे.

लेकीने पाच-सहा घरं जाऊ दिली. मग मनातल्या मनात, आईला ऐकू जाणार नाही इतक्या मनात, तिने एकपासून सुरुवात केली. सातव्याला पाय सैल सोडले आणि मान लववली. समोर विजेचा खांब होता, पण त्याच्यामागून निळ्या फाटकातल्या आजी बाहेर आल्या आणि त्यांनीही लववली.